एक जानेवारीची वहिवाट

तह झाल्याची बातमी हासेलविंकलला पोचली तेव्हा ती ऐकायला गावात एकशे चाळीस माणसे उरली होती. युद्ध सुरू झाले तेव्हा सहाशे होती. तीस वर्षे एकमेकांची गावे जाळून झाल्यावर मोठ्या लोकांच्या असे लक्षात आले की कोणीच जिंकलेले नाही. तेव्हा धर्माच्या बाबतीत प्रत्येकाने आपापल्या जुन्या जागी परत जावे. जुनी जागा म्हणजे नेमकी केव्हाची, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला आणि शेवटी एक दिवस मुक्रर झाला. एक जानेवारी सोळाशे चोवीस. त्या दिवशी ज्या गावचे चर्च ज्या पंथाच्या वहिवाटीत असेल, त्याचेच ते यापुढे कायमचे. जणू त्या दिवशी सकाळी देव स्वतः खाली उतरून सगळ्यांची हजेरी घेऊन गेला होता.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी गावात असलेली, तेव्हाच जाणत्या वयाची आणि अजून जिवंत असलेली माणसे शोधली तेव्हा तीन निघाली. एक गिरणीवाला, जो ठार बहिरा होता आणि कुठल्याही प्रश्नाला मान डोलवत असे. दुसरी एक म्हातारी. तिच्या मते अजून युद्ध सुरूच व्हायचे होते, आणि तिला तसेच राहू द्यावे असे तिच्या घरच्यांचे मत होते. तिसरा घंटेवाला बाल्टस किंडलर. साक्षीला उभा करण्याजोगा तो एकच.

गावात पूर्वी घंटा तीन होत्या. दोन वितळवून तोफा झाल्या. एक उरली, ती दोन्ही पंथांसाठी बाल्टसच वाजवी. हे काम दिसते तेवढे सोपे नव्हते. पोपने पंचांग सुधारून दहा दिवस पुढे ढकलले होते, ते कॅथलिकांनी लगेच उचलले. लुथेरनांचे म्हणणे असे की एक वेळ सूर्याशी भांडण झाले तरी चालेल, पोपशी समेट नको. त्यामुळे गावात नाताळ दोन, ईस्टर बहुधा दोन, आणि नवे वर्ष दोनदा. एका घरात उपास असे तेव्हा शेजारच्या घरातून डुकराच्या मांसाचा वास येई. एवढ्या गावात दोन्ही पंचांगे पाळणारा माणूस एकच, आणि तोही केवळ नोकरी म्हणून.

धर्मही बाल्टसने नोकरी म्हणूनच बदलले होते. जन्माने कॅथलिक, मग ड्यूकची माणसे आली तेव्हा लुथेरन, मठाने गाव परत घेतले तेव्हा पुन्हा कॅथलिक, स्वीडिश फौज आली तेव्हा पुन्हा लुथेरन, आणि फौज गेल्यावर फादर कोलुम्बान यांनी त्याला काही न विचारताच त्याचे नाव आपल्या वहीत लिहून टाकले. त्याची बायको रेगीना मात्र लुथेरन जन्मली आणि लुथेरनच मेली. फौजा तिच्या दारावरूनही गेल्या होत्या. पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा पुढच्या गावाला वेढा घालणे त्यांना सोपे वाटले असावे. चार वर्षांपूर्वी तापात ती गेली. चर्चच्या अंगणातल्या दफनभूमीत, मनोऱ्याच्या दारापासून वीस पावलांवर, तिला पुरले होते. तिच्या दक्षिणेला एका माणसापुरती जागा बाल्टसने राखून ठेवली होती. तिथे दर वसंतात तो मुळे पेरी, म्हणजे दुसऱ्या कोणाची नजर जायला नको.

समिती येणार त्याच्या आधल्या आठवड्यात फादर कोलुम्बान मनोऱ्याच्या पायथ्याच्या खोलीत आले. बसायला एकच बाक होता, तो त्यांनी पूर्ण व्यापला.

"बाल्टस, तुला काय सांगायचं आहे ते तुला ठाऊकच असेल."

"नाही, फादर."

"त्या दिवशी इथे आपली कॅथलिक मिस्सा झाली. संपलं. अंगण आपलं झालं की तुला थेट भिंतीलगत जागा देतो. पाऊससुद्धा लागायचा नाही."

"आणि रेगीना?"

फादरांनी चेहरा शक्य तितका दुःखी केला. "पाखंडी लोकांची हाडं पवित्र मातीत कशी ठेवायची, तूच सांग. ती उचलून भिंतीबाहेर, बीटच्या शेतात नेऊ. पण आदराने हं. गाडीवर पांढरी चादर घालून."

ते गेल्यावर तासाभराने लुथेरन पास्टर, मागिस्टर ब्रेंडल, आले. ते बारीक होते आणि बसले नाहीत.

"बाल्टस, तुम्ही फक्त सत्य सांगायचं. त्या दिवशी इथे शुद्ध वचनाचं प्रवचन झालं, एवढंच. रेगीनाबाईंच्या कबरीला मग कोणी बोट लावणार नाही."

"आणि मला?"

"तुम्हाला मठाची दफनभूमी आहे की. चालत तीनच तास."

"मी परत तुमच्याकडे आलो तर?"

पास्टरांनी खिडकीबाहेर बघितले. "बाल्टस, तुम्ही किती वेळा आलात आणि किती वेळा गेलात याचा हिशेब आता माझ्याच्याने होत नाही. पुन्हा घेतलं तर लोक म्हणतील हे चर्च आहे की सराई. शिवाय तहाचा अर्थच असा आहे की ज्याने त्याने आता एका जागी बसावं."

म्हणजे मिस्सा झाली म्हणावे तर रेगीना बीटच्या शेतात, आणि प्रवचन झाले म्हणावे तर बाल्टस तीन तासांवर. जिथे तीस वर्षे लढून राजांना तोडगा निघाला नव्हता, तिथे घंटेवाल्याला शुक्रवारपर्यंत काढायचा होता.

दुपारी तो सराईत जेवायला गेला. सराई त्याची मेहुणी कुनीगुंडे चालवी. ती रेगीनाची धाकटी बहीण आणि पक्की लुथेरन. गावात वाचता येणाऱ्या बायका चार होत्या, त्यांतली सगळ्यात मोठ्या आवाजात वाचणारी. तिने त्याच्यापुढे मसूर आणि आंबवलेला कोबी आणून आदळला.

"काय भाऊजी, आज दोन्ही पाद्री तुमच्या दारात? एवढी गर्दी तर तुमच्या लग्नालाही नव्हती."

"लग्नाला एकच होता, आणि तोही नाक मुरडत आला होता."

"मग काय सांगणार आहात साहेब लोकांना?"

"खरं सांगून उपयोग नाही."

"का? खरं काय झालं होतं?"

बाल्टसने मसूर ढवळली. "काही झालंच नव्हतं. त्या वर्षी चर्चवर मठाचाही दावा, ड्यूकचाही. गावात शिपाई ज्याचे, पाद्री त्याचा. त्या दिवशी गुडघाभर बर्फ. मठाचा फादर खोकत पडला होता आणि तेव्हाच्या पास्टरांची घसरगाडी नदीपलीकडे अडकली होती. घंटेची दोरीसुद्धा गोठून काठीसारखी झालेली. चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं."

"चिटपाखरू नव्हतं?"

"नव्हतं."

"आमची रेगी त्या दिवशी गरम राखेची बादली घेऊन तुमच्याकडे गेली, ती दिवेलागणीला परत आली. आईने विचारलं, एवढा वेळ? तर म्हणाली, दोरी वितळवत होते. दोघं मिळून दोरी वितळवत होतात म्हणे."

बाल्टस साठीचा होता. तरीही त्याचे कान लाल झाले.

"बरीच लांब दोरी होती ती," तो म्हणाला.

"तर! आणि तो दिवस एक जानेवारी नव्हता. बावीस डिसेंबर होता. नाताळाला तीन दिवस होते, आई सुक्या नासपतीचा पाव मळत होती. माझ्या डोळ्यांपुढे आहे."

"एक जानेवारी. नव्या वर्षाची घंटा द्यायची होती, म्हणून तर दोरी हवी होती."

"बावीस डिसेंबर, भाऊजी!"

"वीस वर्षं तिच्याशी हाच वाद घातला. ती गेली, आता तू सुरू..."

आणि बाल्टसचा चमचा हवेतच थांबला. कुनीगुंडेला वाटले, मसुरीत खडा लागला.

समिती शुक्रवारी आली. तहात समानतेचे तत्त्व होते, म्हणून तिच्यात सगळेच दोन होते. कॅथलिकांकडून बिशपचे डॉक्टर आयझेलिन, लुथेरनांकडून ड्यूकचे वकील हार्प्रेख्ट. दोन कारकून, दोन दौती, दोन घोडे, आणि दोघांचा रंग सारखा मिळाला नाही म्हणून दोघांवर एकसारख्या घोंगड्या. सराईत खुर्च्या दोन होत्या, पण एकीचा पाय थोडा आखूड. वकीलसाहेब बुटके दिसू लागले. तेव्हा दुसरीचा पाय करवतीने कापला गेला. मग डॉक्टर बुटके झाले. असे तीनदा झाल्यावर दोन्ही आयुक्त जवळजवळ जमिनीलगत पण समान उंचीवर बसले.

कामकाजाचा पहिला दिवस कागदावर तारीख कोणती घालायची यात गेला. डॉक्टरांच्या हिशेबाने मेची चौदा तारीख होती, वकिलांच्या हिशेबाने चार. दुसऱ्या दिवशी दुपारी तोडगा निघाला की दोन्ही घालाव्यात, शेजारी-शेजारी, सारख्या अक्षरात, आणि दोन्ही तितक्याच खऱ्या आहेत असे खाली लिहून दोघांनी सही करावी. सही झाली. दोघेही खूश होते. साक्षीदाराला आत बोलावले.

बाल्टसने एक हात लॅटिन बायबलवर ठेवला, दुसरा जर्मन बायबलवर, आणि एका शपथेत संतांची नावे घेतली, दुसरीत घेतली नाहीत. भिंतीशी फादर आणि पास्टर उभे होते. दोघांनीही त्याच्याकडे बघून ओळखीचे हसू आणले.

"सन सोळाशे चोवीस," डॉक्टर आयझेलिन म्हणाले, "एक जानेवारी. त्या दिवशी या चर्चमध्ये उपासना कोणी चालवली?"

बाल्टसने टोपी हातात फिरवली. "साहेब, कोणती एक जानेवारी?"

"कोणती म्हणजे? एक जानेवारी एकच असते."

"बरोबर आहे," वकील हार्प्रेख्ट म्हणाले, "एकच असते."

आणि मग दोघांनी एकमेकांकडे बघितले.

"तुमच्याकडे एकेक असेल," बाल्टस अदबीने म्हणाला. "मी घंटेवाला. मला दोन वाजवाव्या लागतात."

तहाची प्रत मागवली गेली. ती दोन्ही कारकुनांनी वरून खाली आणि मग खालून वर वाचली. गाव, चर्च, घंटा, वेदी, दफनभूमी, सगळे होते. पंचांग कोणाचे, हे त्या प्रतीत नव्हते.

"बोल," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टरसाहेबांच्या एक जानेवारीला इथे मिस्सा झाली." फादरांनी समाधानाने डोळे मिटले. "मग दहा दिवसांनी, वकीलसाहेबांच्या एक जानेवारीला, प्रवचन झालं." फादरांनी डोळे उघडले.

"दहा दिवसांत चर्च एकाचं दुसऱ्याचं झालं?"

"शिपाई बदलले, साहेब."

खोलीत सगळ्यांनी मान डोलावली. इतके पटण्यासारखे वाक्य त्या दोन दिवसांत कोणी बोलले नव्हते. बाल्टस मात्र जमिनीकडे बघत होता. पहिल्या तारखेला चर्च कोणाच्या वहिवाटीत होते हे त्याला पक्के आठवत होते, पण ते कुठल्याच तहात बसण्यासारखे नव्हते. दुसऱ्या तारखेला तो सर्दीने अंथरुणात होता.

डॉक्टर आयझेलिन यांना वाटले, जुने पंचांग खोटे आहे असे ठणकावून सांगावे. पण दोन्ही तारखा तितक्याच खऱ्या आहेत या मजकुराखाली त्यांचीच सही अजून ओली होती. वकील हार्प्रेख्ट यांचीही. तेव्हा ते दोघेही एकदम म्हणाले की साक्षीदार अत्यंत प्रामाणिक दिसतो.

निकाल असा लागला. चर्च दोघांचे. सकाळी नऊपर्यंत कॅथलिक, नऊनंतर लुथेरन. मध्ये वेदीवर पडदा टाकायचा, तो घंटेवाल्याने टाकायचा, कारण दोघांपैकी कोणीही टाकला तरी दुसऱ्याचा अपमान झाला असता. अंगणातल्या दफनभूमीची वाटणी मनोऱ्याच्या दारापासून फाटकापर्यंत सरळ रेषेने. उत्तरेला लुथेरन, दक्षिणेला कॅथलिक.

मोजायला माप हवे. बिशपच्या मुलखातला फूट ड्यूकच्या फुटाहून बोटभर लांब होता. म्हणून दोघांचेही नसलेले माप म्हणून घंटेची दोरी काढली. तिचे एक टोक मनोऱ्याच्या दाराला बांधले आणि दुसरे बाल्टसच्या हातात दिले. फाटकाच्या मध्यावर उभा राहा म्हणाले. पण फाटकाचा एक खांब स्वीडिशांनी शेकोटीला नेला होता, त्यामुळे मध्य कुठे यावर आयुक्तांची जुंपली. ते तावातावाने बोलत असताना बाल्टस उन्हाचा त्रास होत असल्यासारखा एकेक पाऊल सरकत होता. वाद मिटला तेव्हा दोरी रेगीनाच्या कबरीच्या दक्षिण कडेला अगदी घासून गेली होती. रेगीना लुथेरन बाजूला, मुळे कॅथलिक बाजूला, आणि मध्ये फक्त एक दोरी.

"इथे खुंट्या ठोका," डॉक्टर म्हणाले.

बाल्टसने श्वास सोडला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक मुलूख जिंकला होता, आणि तोही रक्त न सांडता.

तेवढ्यात वकील हार्प्रेख्ट म्हणाले, "एक मिनिट. रेषेला जाडी नसते. जाडी नसलेल्या गोष्टीवर माणसं सगळ्यात जास्त भांडतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा मोकळी सोडू. कोणाचीच नाही."

"मी हेच सुचवणार होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते आधी सुचले नव्हते याचा राग त्यांच्या मानेवर दिसत होता.

दोन हात उत्तरेला: रेगीना, बरोबर तेवढीच. दोन हात दक्षिणेला: मुळे, बरोबर तेवढेच. चार हातांचा पट्टा आखला गेला, खुंट्या ठोकल्या गेल्या, दोन्ही कारकुनांनी मिळून एक फळी रंगवली आणि समिती सूर्य मावळायच्या आत पुढच्या गावी गेली. जाताना फादर बाल्टसजवळून गेले आणि न थांबता म्हणाले, "पट्ट्यात कोणाला पुरायचं नाही. मुळे उपटून घे."

रविवारी फादरांनी वेदीवरून जाहीर केले की लुथेरनांच्या बाजूने साक्ष देणाऱ्या बाल्टस किंडलरचे नाव वहीतून काढले आहे. बाल्टस घंटेखाली उभा राहून ऐकत होता. नऊ वाजले तसा त्याने पडदा टाकला. मग पास्टर उभे राहिले आणि म्हणाले की पोपच्या बाजूने साक्ष देणारा माणूस पुन्हा आपल्याकडे येऊ पाहील, तर मंडळींनी सावध असावे. बाल्टसने तेही ऐकले. नोकरी मात्र दोघांनीही ठेवली. घंटेवाला दुसऱ्याचा नसला म्हणजे झाले, असे दोघांचेही मत होते.

दुपारी तो सराईत जाऊन बसला. समोरचे जेवण त्याने खाल्ले नाही.

"भाऊजी, तोंड का पाडलंय? रेगी सुरक्षित आहे ना?"

"आहे. पण आता मी तिच्याजवळ नाही. पट्टा कोणाचाच नाही म्हणतात. मठाकडेही आता घेणार नाहीत. मेलो तर मला कुठे टाकाल? नदीत?"

"फळीवर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"मला वाचता येतं का?"

"म्हणून म्हणते, पोराबाळांबरोबर आमच्याकडे शिकायला बसला असतात तर..." तिने हात पुसले, शाल घेतली आणि त्याला ओढतच अंगणात नेले. फळीसमोर उभी राहून तिने नेहमीच्या आवाजात वाचले, इतक्या मोठ्याने की फादरांच्या खिडकीचे दार उघडले.

"'या पट्ट्यात यापुढे कोणाही कॅथलिकास अथवा लुथेरनास पुरू नये. जे आधीच आत आहेत त्यांस हलवू नये. त्यांचा पंथ विचारात घेतला जाऊ नये.'"

"म्हणजे तेच ना. कोणालाच नाही."

"कोणालाच नाही असं कुठे म्हटलंय? कॅथलिकाला नाही, लुथेरनाला नाही." ती त्याच्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही कोण?"

बाल्टसने विचार केला. सकाळपासून दोनदा त्याला सांगण्यात आले होते की तो कोण नाही.

"मी घंटेवाला," तो म्हणाला.

"झालं तर मग. अख्ख्या गावात तिथे पडायला लायक माणूस तुम्ही एकटेच उरलात."

सोमवारी सकाळी बाल्टस फादरांकडे गेला आणि म्हणाला, "तुम्ही मला काढलंत ते लिहून द्या." फादरांनी मोठ्या आनंदाने लिहून दिले आणि खाली तारीख घातली, सतरा मे. मग तो पास्टरांकडे गेला. त्यांनीही तितक्याच आनंदाने लिहून दिले, आणि खाली घातली सात मे. पंचवीस वर्षांत हासेलविंकलमध्ये दोन्ही पंथांचे पूर्ण एकमत झालेली ही पहिली गोष्ट. दोन्ही कागद त्याने कुनीगुंडेकडे ठेवायला दिले, वेळ आली की दाखवायला.

"प्रार्थना कोण म्हणणार?" तिने विचारले.

"तू आहेस की. तुझा आवाज तिथवर पोचेल."

"आणि घंटा?"

हा विचार त्याने केला नव्हता. आयुष्यभर मेलेल्या प्रत्येकासाठी घंटा त्यानेच वाजवली होती. "ती तूच वाजव. दोरी ओढताना गुडघ्यात वाक, नाहीतर वर उचलली जाशील," तो म्हणाला.

संध्याकाळी तो पट्ट्यात गेला. मुळे उपटले, माती सारखी केली. घंटेची दोरी त्याने मनोऱ्यातून सोडून आणली होती. त्या दोरीने त्याने जागा मोजून पाहिली. रुंदी ठीक होती. लांबीला खालच्या बाजूला कोण्या जुन्या पाद्र्याचा दगड येत होता, त्यामुळे पाय थोडे दुमडून झोपावे लागणार होते. घरच्या पलंगावरही वीस वर्षे तो तसाच झोपला होता. रेगीना भिंतीच्या बाजूला, सरळ.

"एक जानेवारी होती," त्याने तिला सांगितले. "दोन्ही बायबलांवर हात ठेवून सांगून आलो."

तिचे उत्तर काय असते, हे त्याला ठाऊक होते. मग त्याने दोरी खांद्यावर टाकली आणि संध्याकाळची घंटा द्यायला तो मनोऱ्याकडे गेला.